घरी पाठवलेलं मूल

साथ आली की शाळा बंद होते, हे आपल्याकडे आता कुणाला सांगावं लागत नाही. २००९ साली स्वाइन फ्लू आला आणि पुण्यातल्या शाळा बंद झाल्या. २०२० साली कोरोना आला आणि राज्यभरातल्या शाळांना कुलपं लागली. साथीत शाळेनं काय करायचं, याचं आपल्या मनात पक्कं बसलेलं उत्तर एकच आहे: मुलांना घरी पाठवायचं. मी पुणे महापालिकेच्या प्राथमिक शाळेत अख्खी नोकरी काढली. या उत्तरात काहीतरी राहून जातंय, असं मला पहिल्यापासून वाटत आलं. मूल घरी पाठवलं, पुढे काय? घरी कोण आहे? तिथं पाणी आहे का, औषध कोण देणार, धाकटी भावंडं कुठं निजणार?

गेल्या सव्वाशे वर्षांत ज्यांनी शाळकरी मुलांना साथीतून राखण्याचं काम मनापासून केलं, त्यांनी याच प्रश्नांना हात घातला. आमच्या डी. एड.च्या पुस्तकांत हा इतिहास नव्हता. शिक्षकांना आणि पालकांना तो माहीत असायला हवा, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात पुण्यापासूनच करते. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीचा ताप म्हणजे प्लेग असल्याचं ओळखलं. काही महिन्यांत तो पुण्यात शिरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुढे कोरोनात आपण जो वापरला, तो हाच. त्या कायद्याच्या जोरावर पुण्यात रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीनं गोऱ्या सोल्जरांकरवी घरझडत्या घेतल्या. आजारी माणसाला उचलून इस्पितळात न्यायचं, घरातल्या धडधाकट माणसांना छावणीत ठेवायचं, सामान बाहेर काढून जाळायचं, असा तो खाक्या होता. लोक इतके धास्तावले, की अंगात ताप असला तरी सांगेनात. आजारी माणूस घरातच लपवला जाऊ लागला. २२ जून १८९७ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण चौथी-पाचवीपासून वाचतो.

पण शिक्षकांनी त्याच वर्षातली आणखी एक घटना मनाशी धरायला हवी, असं मला वाटतं. सावित्रीबाई फुले तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. १८४८मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिलेल्या या बाईंनी प्लेगमध्ये आपल्या डॉक्टर मुलाला, यशवंताला, हाताशी घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेगची गाठ आल्याचं कळलं, तेव्हा त्या स्वतः तिथं गेल्या आणि मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

रोग्याला घरातून हलवून दवाखान्यात नेणं हेच काम सरकारही करत होतं आणि सावित्रीबाईही. एका बाजूला बंदुका होत्या आणि लोकांनी माणसं लपवली. दुसऱ्या बाजूला आयुष्यभर शिकवत आलेली बाई होती आणि तिच्या पाठीवर आपलं मूल द्यायला वस्ती तयार झाली. साथीत औषधाइतकंच महत्त्व या विश्वासाला असतं. गावातल्या किंवा वस्तीतल्या शाळेकडे तो आधीपासून असतो. सरकारला तो साथ आल्यावर हुकूम काढून मिळवता येत नाही.

प्लेग नंतर कित्येक वर्षं येत-जात राहिला. उंदीर पडायला लागले की लोक गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहायचे. आमच्या घरातल्या जुन्या बायकांच्या बोलण्यात ‘ते झोपड्यांतलं वर्ष’ असा हिशेब असायचा. अशा काळात एका संस्थेनं जे केलं, त्याची आठवण ठेवण्यासारखी आहे. धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६मध्ये पुण्यात सुरू झाला होता. प्लेगच्या धास्तीनं १९००मध्ये कर्व्यांनी तो गावाबाहेर, हिंगण्याच्या माळावर, झोपडीत हलवला. फर्ग्युसन कॉलेजातली शिकवणी संपवून ते चिखलातून, काट्याकुट्यातून रोज चालत तिथं जात. शहरात राहणं धोक्याचं झालं तेव्हा त्यांनी शाळा मोकळ्या हवेत नेली आणि स्वतः शाळेच्या मागोमाग गेले. मुलींचं शिक्षण थांबलं नाही. आजचं कर्वेनगर त्याच माळावर वसलं आहे.

आता थोडं दूर जाऊ, कारण ‘घरी पाठवलं, पुढे काय?’ या प्रश्नाचं सगळ्यांत स्पष्ट उत्तर न्यूयॉर्क शहराच्या शाळांत मिळालं. १८९७पासून तिथं डॉक्टर शाळांत जाऊन मुलं तपासू लागले. डोळे आलेलं मूल, खरूज झालेलं मूल, डोक्यात उवा किंवा गजकर्ण असलेलं मूल दिसलं की त्याला घरी पाठवायचं, एवढंच त्यांचं काम होतं. उपचार कुणी करायचे, हे ठरलेलं नव्हतं. ही मुलं बहुतेक स्थलांतरित मजुरांची होती. आईबापांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यामुळे हातात दिलेल्या चिठ्ठीचा अर्थ लागत नव्हता. मूल घरी बसायचं, नाहीतर रस्त्यावर त्याच वर्गमित्रांबरोबर खेळायचं. डोळे तसेच, उवा तशाच. वर्ग मात्र ओस पडू लागले.

१९०२च्या ऑक्टोबरात लिलियन वॉल्ड यांच्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या संस्थेनं आपली एक नर्स, लीना रॉजर्स, महिनाभरासाठी चार शाळांत दिली. रॉजर्सबाईंनी शाळेतच किरकोळ उपचार सुरू केले. जखमा धुतल्या, डोळ्यांत औषध घातलं, मुलाला परत वर्गात बसवलं. ज्याला घरी पाठवणं भाग होतं, त्याच्या घरी त्या स्वतः गेल्या. आईला समोर बसवून औषध कसं लावायचं, कपडे कसे उकळायचे, मूल शाळेत परत केव्हा पाठवायचं, हे सांगितलं. सप्टेंबर १९०२मध्ये शाळेतून घरी पाठवलेल्या मुलांचा आकडा १०,५६७ होता. सप्टेंबर १९०३मध्ये तो १,१०१वर आला. मधल्या वर्षात कुठलंही नवं औषध निघालं नव्हतं. शाळा आणि घर यांच्यामध्ये एक जाणतं माणूस उभं राहिलं, एवढाच फरक पडला होता.

आपल्याकडेही याच सुमाराला एक दूरदृष्टीचं पाऊल पडलं, आणि त्यामागे मराठी राजा होता. सयाजीराव गायकवाडांनी १९०६मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९०९मध्ये बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातल्या शालेय आरोग्यसेवेचा आरंभ तिथूनच मोजतात. या दोन सालांचं एकमेकांशी नातं आहे, असं मी मानते. राज्य जेव्हा कायद्यानं मुलाला चार भिंतींत, पन्नास पोरांच्या गर्दीत आणून बसवतं, तेव्हा त्या मुलाच्या शरीराची जबाबदारीही राज्यावर येते. इंग्लंडनं १९०७मध्ये शाळांत वैद्यकीय तपासणी कायद्यानं लागू केली होती. म्हणजे बडोदे त्यांच्या फार मागे नव्हतं.

मग १९१८ उजाडलं. जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झा आला, थोडा ओसरला आणि सप्टेंबरात भयंकर होऊन परतला. महाराष्ट्रात या साथीला ‘मानमोडी’ म्हणत. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं दगावली. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग होतं, उपाशी शरीरं पटापट पडत होती. इंग्रज सरकारचे डॉक्टर महायुद्धात गुंतले होते. लोकांच्या मदतीला लोकच धावले. ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग आणि अशा अनेक संस्थांचे स्वयंसेवक औषधं आणि दूध घेऊन चाळीचाळींतून फिरत होते.

त्याच शरद ऋतूत न्यूयॉर्कमध्ये एक वेगळाच निर्णय झाला. अमेरिकेतली बहुतेक शहरं शाळा बंद करत असताना न्यूयॉर्कनं त्या चालू ठेवल्या. शहराचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड होते आणि बालआरोग्य विभाग डॉ. जोसेफिन बेकर या बाईंच्या हातात होता. शहरात जवळजवळ दहा लाख शाळकरी मुलं होती. त्यांतली बहुसंख्य अंधाऱ्या, कोंदट भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहत होती. डॉ. बेकर यांचं म्हणणं सरळ होतं: अशा घरापेक्षा मूल शाळेत, रोज कुणाच्या तरी नजरेखाली असलेलं बरं. मात्र तिथं शाळा चालू ठेवणं म्हणजे नुसती घंटा वाजवणं नव्हतं. मुलांनी दारात घोळके न करता थेट आपल्या वर्गात जायचं. शिक्षकांनी रोज सकाळी प्रत्येक मूल निरखायचं. कुणाला लक्षणं दिसली तर लगेच वेगळं बसवायचं. आरोग्य खात्याचं माणूस त्याला घरी पोचवायचं आणि घर पाहायचं. घर आजाऱ्याला ठेवण्याजोगं नसेल तर मुलाला इस्पितळात न्यायचं. त्या शेवटच्या दोन पायऱ्यांत लीना रॉजर्स यांचं सगळं काम उतरलं होतं. सोळा वर्षं आधी बसवलेली घडी ऐन साथीत कामाला आली.

शाळा बंद ठेवणं चूक होतं, असा याचा अर्थ नाही. १९१८मधल्या अमेरिकेतल्या ४३ शहरांचा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शहरांनी शाळाबंदी, सभाबंदी असे उपाय लवकर केले आणि बराच काळ टिकवले, तिथं मृत्यू कमी झाले, असं त्यात दिसलं. म्हणजे योग्य वेळी शाळा बंद करणं हाही उपाय आहे. पण न्यूयॉर्कला निवड करता आली, कारण शाळेत डॉक्टर होते, नर्स होत्या, घरी जाणारी माणसं होती. ज्या शाळेकडे यांतलं काहीच नसतं, तिला निवड उरत नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६मध्ये, देशातल्या आरोग्यसेवेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीनं शालेय आरोग्यसेवा आपल्या देशात जवळजवळ नाहीच, असं नोंदवलं. बडोद्याच्या त्या तपासणीला तेव्हा सदतीस वर्षं झाली होती. १९६०मध्ये केंद्र सरकारनं शालेय आरोग्यासाठी समिती नेमली. तिच्या शिफारशी आल्या, राज्याराज्यांत थोडंफार काम झालं. काही गोष्टी शाळांनी खरोखर उत्तम केल्या. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत तपासणीला येऊ लागली. जंतांच्या गोळ्या आमच्याच हातानं मुलांना चावून खायला लावल्या. २०१८च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीकरण आमच्या शाळेतच झालं. सुरुवातीला बऱ्याच आया घाबरल्या होत्या. मुख्याध्यापक बाईंनी पालकसभा घेतली, आणि ज्या आया आदल्या दिवशी नाही म्हणत होत्या त्याच दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. वस्तीचा शाळेवर विश्वास असतो, हे मी वर म्हटलं ते असं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण तपासणी पथक वर्षातून एकदा येतं. मुलाला ताप येतो तो उरलेल्या दिवसांत.

२००९च्या ऑगस्टमध्ये हे फार लख्ख दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं जूनमध्येच महासाथ जाहीर केली होती. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू झाला, तो पुण्यातल्या चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शहर हादरलं. नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, मास्क मिळेनासे झाले, बायकांनी मुलांच्या रुमालात कापूर आणि वेखंड बांधून दिलं.

त्याच दिवसांत माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत उभाच राहिला नाही. जवळ जाऊन कपाळाला हात लावला तर चटका बसला. सूचना स्पष्ट होत्या: ताप-खोकला असलेल्या मुलाला ताबडतोब घरी पाठवा. घराला कुलूप होतं. आई चार घरची धुणीभांडी करायला कोथरूडला गेलेली, ती तिन्हीसांजेशिवाय येणार नव्हती. बाप मजूर अड्ड्यावरून कुठल्या साइटवर गेला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हजेरीपटावर लिहिलेला फोन नंबर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा होता. आजारी मुलाला निजवायला शाळेत खोली नव्हती. ऑफिसातल्या कपाटामागे सतरंजी टाकली, आमच्या शिपाई मावशी ओल्या फडक्याच्या घड्या बदलत त्याच्या उशाशी बसल्या. दुकानदारानं सायकलवरून पोरगा पाठवून आईला निरोप दिला. ती धापा टाकत आली आणि आल्या आल्या म्हणाली, “बाई, शाळेतून नाव तर नाही ना काढणार?” मुलाला काय झालंय, हे तिनं त्यानंतर विचारलं.

आम्ही दोघी त्याला रिक्षानं दवाखान्यात घेऊन गेलो. साधा ताप निघाला, चार दिवसांत पोरगं वर्गात उड्या मारायला लागलं. पण त्या आईचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आजारी पडणं हा मुलाचा गुन्हा असल्यासारखं शाळेनं तिच्या मनात कधी भरवलं असेल? विचार करता करता लक्षात आलं, की आपण दरवर्षी स्नेहसंमेलनात शंभर टक्के हजेरीचं बक्षीस देतो. अंगात ताप असताना शाळेत आलेल्या मुलासाठी टाळ्या वाजवतो. गरिबाघरच्या मुलींसाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता ठेवला, तोही हजेरीवर. दुपारची खिचडी शाळेत आल्याशिवाय मिळत नाही. या सगळ्या योजना चांगल्या हेतूनं आल्या आणि त्यांनी मुलं शाळेत टिकवली, हे खरंच. पण साथीच्या दिवसांत आजारी मूल घरी राहावं असं वाटत असेल, तर घरी राहिल्यानं त्याचं काही बुडणार नाही, याची हमी शाळेला द्यावी लागते.

कोरोनात सगळ्यांनाच घरी पाठवलं गेलं. मार्च २०२०मध्ये बंद झालेले पुण्यातले खालचे वर्ग डिसेंबर २०२१मध्ये उघडले, जानेवारीत पुन्हा बंद झाले आणि फेब्रुवारीत परत सुरू झाले. २०२०च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेली मुलं खऱ्या अर्थानं वर्गात बसली, तेव्हा त्यांची दुसरी संपत आली होती. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत आम्ही मोबाइलवर धडे पाठवले. पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर लाउडस्पीकरवरून बोलकी शाळा भरली. कित्येक गावांत गुरुजी ओट्यांवर, पारावर, अंतर राखून मुलं बसवत होते. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ कोरड्या शिध्याच्या रूपात घरी पोचवली गेली.

याच काळात आम्हा शिक्षकांना घरोघर जावं लागलं. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा हातात ऑक्सिमीटर आणि तापमापक गन घेऊन आम्ही वस्त्या पिंजून काढल्या. मला माझ्याच वर्गातली मुलं भेटत गेली. एक मुलगी दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांत राहत होती आणि घरातल्या एकुलत्या एका मोबाइलवर मोठ्या भावाची दहावी चालू होती. एक मुलगा बापाबरोबर भाजीच्या हातगाडीवर वजनं मांडत होता. घरोघर जाणारी शाळा म्हणजे काय, हे आम्ही तेव्हा करून पाहिलं. पण ते सर्वेक्षण म्हणून केलं, आकडे भरून दिले आणि मोहीम संपल्यावर ती वाटही बंद झाली.

म्हणून माझं म्हणणं आहे, की पुढच्या साथीची तयारी आजच्या साध्या दिवसांत करायला हवी. जवळजवळच्या चार-पाच शाळांमागे एक नर्स कायमची हवी, वर्षातून एकदा येणारी नव्हे. रोज शाळांतून फिरणारी आणि संध्याकाळी वस्तीत जाणारी. प्रत्येक शाळेत एक खाट, पाण्याची सोय आणि दार लागणारी एक खोली हवी. हजेरीपटात गैरहजेरीच्या खुणेबरोबर कारणाचा रकाना हवा. एका गल्लीतली चार पोरं एकाच सोमवारी आली नाहीत, की गोवर आहे की कावीळ, हे आरोग्य खात्याच्या आधी वर्गशिक्षकाला कळतं. ते कळवायला एक ठरलेला नंबर हवा. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद व्हायला हवं. आजारी मुलाचा शिधा आणि भत्ता त्याच्या घरी पोचायला हवा. आणि मूल घरी पाठवताना घर उघडं आहे का, हे शाळेनं आधी पाहायला हवं.

यात नवीन काहीच नाही. न्यूयॉर्कनं हे १९०२मध्ये करून दाखवलं, सयाजीरावांनी १९०९मध्ये त्याची वाट दाखवली आणि सावित्रीबाईंनी त्याही आधी स्वतःच्या पाठीवर ते पेललं. एका मुलासाठी पुण्यातल्या शिक्षिकेनं जीव दिला, त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. ज्या शाळांच्या भिंतींवर त्यांचा फोटो आहे, त्या प्रत्येक शाळेत एक नर्स असावी, ही मागणी फार मोठी नाही. दर ३ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, हार घालताना आपण ती सरकारसमोर ठेवली पाहिजे आणि मिळेपर्यंत ठेवत राहिलं पाहिजे.